पाउच लीक होतात आणि नवीन काही सुचत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. इंदूरला सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात तुम्ही पॅकिंगची शिफ्ट सांभाळता. शेवेचे पाउच लीक होतात, माल मऊ पडून परत येतो. सीलचं तापमान वाढवून झालं, फिल्म बदलून झाली, फरक पडला नाही. मालक म्हणतात, "जरा वेगळा विचार करा." तुम्ही आपल्या माणसांना बसवून कल्पना विचारल्या, तर त्याच त्या आल्या. आता तुम्हाला जाणून घ्यायचं आहे की असं वेगळं सुचणं जन्मजात असतं का, आणि शिकता येत असेल तर कोणता कोर्स करावा.

मी इंदूरजवळ पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत आधी उत्पादनात आणि मग गुणवत्ता विभागात बरीच वर्षं काढली. आता इंदूर-देवास पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांमध्ये जाते आणि अडलेल्या कामावर तिथल्याच माणसांबरोबर बसते. तुमचं मशीन मी पाहिलेलं नाही, त्यामुळे लीकचं नेमकं कारण इथून सांगता येणार नाही. पण गाडी कुठे अडली आहे ते तुमच्या प्रश्नात दिसतं. तुम्ही माणसांना विचारलंत, "सील मजबूत कसं करायचं?" या प्रश्नाची उत्तरं मोजकीच आहेत: उष्णता, दाब, मशीनचे जबडे (फिल्म दाबून सील करणाऱ्या तापलेल्या पट्ट्या) मिटून राहण्याचा वेळ आणि फिल्म. पुन्हा पुन्हा विचारलं तरी माणसं तीच देणार. त्यांचं डोकं चालत नाही असं मुळीच नाही. माझ्या अनुभवात कल्पनांचा तुटवडा क्वचितच असतो. प्रश्न मांडतानाच आपण त्यात एखादी अट घालून बसतो आणि मग ती अट आहे हेच विसरतो. ती अट हुडकून काढणं हा मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो, आणि ते शिकता येतं.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण प्रत्येक अडचणीला नवा विचार लागत नाही. काही बिघाडांची उत्तरं मशीनच्या पुस्तकात असतात आणि तिथे कल्पना लढवण्यात दिवस फुकट जातात. एका शिफ्टमधले लीक झालेले पाउच बाजूला काढा, पाण्याच्या टबात बुडवून हलकेच दाबा आणि बुडबुडा जिथून निघेल तिथे मार्करने खूण करा. पाठीमागच्या उभ्या सीलमधून हवा येत असेल तर फिल्म सरकते आहे का, तिथला हीटर नीट तापतो का ते बघा. उभं आणि आडवं सील जिथे एकमेकांवरून जातात, नेमकं तिथून येत असेल, तर त्या जागी फिल्मचे जास्त थर येतात आणि थरांच्या कडेला बारीक फट राहते. तो जबड्यांच्या दाबाचा आणि तापमानाचा विषय आहे, चांगला फिटर निस्तरेल. पण खुणा आडव्या सीलवर एका पाउचला इथे तर दुसऱ्याला तिथे अशा विखुरलेल्या असतील, तर ती सीलं उकलून भिंगाखाली धरा. आत शेवेचा चुरा किंवा तेल अडकलेलं दिसलं तर तापमान कितीही वाढवा, चुऱ्याच्या कडेने हवेला वाट राहणारच. उलट जास्त तापवून फिल्म करपते आणि सील आणखी कच्चं होतं.

दुसरी तपासणीही बिनखर्चाची आहे. त्याच मशीनवर बारीक शेव, जाड शेव, मिक्स्चर असा वेगवेगळा माल भरत असाल, तर लीकची नोंद मालाप्रमाणे वेगळी ठेवा. बारीक शेवेला जास्त आणि जाड मालाला कमी निघाले तर संशय चुऱ्याकडे जातो. सगळ्यांना सारखेच निघाले तर पुन्हा फिल्म आणि जबड्यांकडे बघा. मी पुढे चुराच निघेल असं धरून लिहिते, कारण तापमान आणि फिल्म दोन्ही बदलून फरक पडत नाही म्हटल्यावर माझी पहिली शंका तीच असते. दुसरं काही निघालं तरी विचाराची रीत बदलणार नाही.

आता कागद घ्या आणि तोच प्रश्न वेगवेगळ्या वाक्यांत लिहा. "सील मजबूत कसं करायचं?" हे तुमचं वाक्य. त्याखाली लिहा, "सील होताना तिथे चुरा नसावा, तर काय करावं लागेल?" लगेच दुसऱ्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात: जबडे मिटण्याआधी क्षणभर थांबणं, माल कमी उंचीवरून सोडणं, फिल्मवरची स्थिर वीज घालवणं. कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि बारीक चुरा फिल्मला आतून चिकटून बसतो. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत लीक वाढतात आणि पावसाळ्यात कमी होतात का, हे जुन्या रजिस्टरमध्ये बघा. तिसरं वाक्य, "चुरा पॅकिंग मशीनपर्यंत येऊच नये, तर?" इथे वजनाच्या हॉपरआधी, म्हणजे माल ओततात त्या नरसाळ्याआधी, थरथरती चाळणी येते. चौथं वाक्य, "शेव मुळात तुटते कशाला?" हे लिहिलंत की तुम्ही पॅकिंगच्या खोलीबाहेर पडलात. कढईतून निघालेली शेव किती वेळा उचलली जाते, किती ठिकाणी उंचावरून पडते, मसाल्याच्या ड्रममध्ये किती वेळ गरगरते, पिठातलं मोयन (तेल) आणि पाणी रोज सारखं असतं का, असे प्रश्न आता समोर येतात.

या चार वाक्यांमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या माणसाकडे आहे. पहिल्याचं पॅकिंग ऑपरेटरकडे, दुसऱ्याचं फिटरकडे, तिसऱ्याचं ट्रॉली ओढणाऱ्या आणि हॉपर भरणाऱ्या मुलांकडे, चौथ्याचं भट्टीवरच्या कारागिराकडे. तुमच्या बैठकीत बहुधा फक्त पॅकिंगची माणसं होती, कारण लीक पॅकिंगमध्ये होतात असं सगळेच धरून चालले होते. हीच ती अट. प्रश्न ज्या शब्दांत मांडला त्यावरून कोणाला बोलवायचं ते ठरलं, आणि जे आले त्यांच्याकडे जे होतं तेच त्यांनी दिलं. त्यांना आणखी दहा वेळा बसवलं असतं तरी चाळणी कोणाच्या तोंडी आली नसती.

अशी अट अनुभवी माणसाच्याच नजरेतून जास्त सुटते. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे, घरी कोणावर तरी करून बघा. तीन भांडी आहेत, २१, १२७ आणि ३ मापांची. त्यांतून १०० मापं पाणी मोजून काढायचं. मोठं भांडं भरा, त्यातून एकदा २१ आणि दोनदा ३ काढा, झालं. याच रीतीने सुटणारी आणखी काही गणितं ओळीने द्यायची. मग भांडी द्यायची २३, ४९ आणि ३ ची, आणि मागायची २० मापं. रीत हाताला बसलेली माणसं ४९ मधून २३ काढतात, मग दोनदा ३ काढतात. उत्तर बरोबरच येतं. पण २३ मधून ३ काढले असते तरी काम झालं असतं! यानंतर २८, ७६ आणि ३ वरून २५ मागायची. इथे जुनी रीत चालतच नाही, आणि २८ वजा ३ ही साधी वजाबाकी समोर असूनही कितीतरी जण अडकले. ज्यांना आधीची गणितं दिलीच नव्हती, त्यांना ती चटकन दिसली.

तुमच्याकडेही कधीतरी तापमान वाढवून लीक थांबले असतील. ती रीत खरी होती, म्हणूनच ती पक्की बसली. यावर मी एक उपाय नेमाने करते. कारखान्यात नवा मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की पहिल्या आठवड्यात जे जे विचित्र वाटेल ते लिहून ठेवायला सांगते आणि ती वही स्वतः वाचते. थोड्या दिवसांनी त्यांच्याही डोळ्यांना सगळं सवयीचं होतं, मग ती नजर परत मिळत नाही.

बैठकीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण चांगल्या हेतूने केलेली ही गोष्ट बहुतेक ठिकाणी वाया जाते. एकत्र बसून, कोणावर टीका न करता, भराभर कल्पना सुचवायच्या, ही पद्धत अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातल्या अ‍ॅलेक्स ऑसबोर्न यांनी लोकप्रिय केली. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९५३ चं. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात याची परीक्षा झाली तेव्हा उलटंच दिसलं. चार माणसांचा गट एकत्र बसून जेवढ्या कल्पना देतो, त्यापेक्षा चार माणसं वेगवेगळी बसली आणि त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या तर जवळपास दुप्पट निघाल्या. कारण समजायला अवघड नाही. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि तेवढ्यात मनातलं निसटतं. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते: साहेब किंवा मालक समोर असले की ऑपरेटर त्यांना काय आवडेल तेवढंच बोलतो.

म्हणून मी आधी गप्प बसवते. प्रत्येकाने एकट्याने चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या गोळा करून मग मोठ्याने वाचायच्या आणि चर्चा त्यानंतर. ज्याला लिहायला जड जातं त्याला बैठकीत बोलवूच नका. त्याच्या मशीनपाशी जा आणि विचारा, "कुठे अडकतं, दाखवा." हाताने दाखवताना माणूस जे सांगतो ते तोंडी विचारून मिळत नाही. आपल्याकडे फ्लोअरवर पुष्कळ जण घरी मालवी बोलतात, त्यांना मालवीतच बोलू द्या. आणि पहिल्या फेरीत मालक नसावेत. हे त्यांना आदरानेच सांगा, बहुतेक मालक समजून घेतात.

आणखी एक अट जवळपास सगळ्यांच्या डोक्यात असते, की उपाय म्हणजे काहीतरी वाढवायचं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा यावरचा अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आला. एखादी रचना, लेख किंवा बेत सुधारायला दिला की माणसं आपसूक भर घालतात, आणि काढून टाकल्याने काम सोपं होत असलं तरी ते त्यांच्या ध्यानातच येत नाही. काढलं तरी चालेल अशी आठवण करून दिली की मात्र येतं. याचं मोठं उदाहरण आपण इंदूरकर रोज बघतो. रस्त्यावरच्या कचराकुंड्या भरून वाहत होत्या, गाई आणि कुत्री त्यात तोंड घालत होती. "कुंडी भरून वाहते, काय करावं?" असं विचारलं तर मोठी कुंडी, जास्त कुंड्या, जास्त फेऱ्या हीच उत्तरं निघतात. इथे प्रश्न बदलला: घरातला कचरा रस्त्यावर यावाच कशाला? मग कुंड्याच काढून टाकल्या आणि गाडी दारात आली. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात २५ व्या क्रमांकावर असलेलं इंदूर २०१७ मध्ये पहिलं आलं आणि नंतरही वर्षानुवर्षं पहिलं राहिलं.

या उदाहरणाचा दुसरा भाग लोक सांगत नाहीत, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. कुंडी काढणं ही कल्पना झाली. ती टिकली कारण गाडी रोज ठरल्या वेळी येत राहिली, गाडीत ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे कप्पे वेगळे होते, माणसं घरोघरी जाऊन समजावत होती, कचरा टाकणाऱ्याला दंड होत होता आणि गोळा झालेला कचरा पुढे कुठे जाणार याची सोय होती. इंदूरमधल्याच देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. कुंड्या आधी उचलल्या असत्या आणि गाडीचा पत्ता नसता, तर लोकांनी महिन्याभरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग घातले असते. तुम्हीही शेवेच्या वाटेवरचा एखादा टप्पा काढून टाकता येतो का ते जरूर बघा. तिला एकदा उंच चढवून पुन्हा खाली सोडणारा एलिव्हेटर खरंच लागतो का? पण तो टप्पा आजवर कोणतं काम करत होता ते आधी विचारून घ्या.

मग पेच येतो तो असा. चुरा खाली पडेपर्यंत थांबायला जबडे सावकाश हवेत, आणि माल वेळेवर निघायला जबडे भराभर हवेत. इथे बहुतेक जण मधला वेग धरतात आणि दोन्हीकडून थोडं थोडं नुकसान सोसतात. गेनरिख आल्टशुलर नावाच्या सोव्हिएत इंजिनिअरने १९४६ पासून हजारो पेटंटं तपासली. त्याला दिसलं की चांगल्या शोधांमध्ये असा मधला भाव धरलेला नसतो. एकमेकांना काटणाऱ्या दोन मागण्या वेळेत किंवा जागेत वेगळ्या केलेल्या असतात. तुमच्या मशीनवर याचा अर्थ काय? जबड्यांचा वेग तसाच राहू द्या आणि माल येण्याची रीत बदला. वजन झालेला माल पसरत पसरत येतो, जड तुकडे आधी आणि हलका चुरा मागून. जबड्यांच्या थोडं वर झडप असेल तर सगळा माल तिथे जमतो आणि एकगठ्ठा खाली सुटतो, मागे रेंगाळणारं फार उरत नाही. किंवा जबडे मिटण्याच्या क्षणभर आधी फिल्म बाहेरून चिमटून खाली निपटणाऱ्या पट्ट्या लावतात, त्यांनी सीलच्या जागेवरचा चुरा खाली ढकलला जातो. तुमच्या मशीनला हे बसेल का ते फिटर आणि मशीनवाला सांगतील. मी हे उपाय म्हणून सांगण्यापेक्षा "हे पण हवं आणि ते पण हवं" असा पेच दिसला की काय करायचं, त्याचा नमुना म्हणून सांगते आहे.

दुसऱ्या धंद्यात हीच अडचण कोणी सोडवली आहे, हेही विचारत जा. इंदूरच्या आसपास डाळ मिलं पुष्कळ आहेत. तिथे डाळ आणि टरफल वेगळं करायला हवेची ओढ वापरतात, हलकं वर खेचलं जातं आणि जड खाली पडतं. तुमचा चुराही शेवेपेक्षा हलका आहे. एखाद्या दुपारी ओळख काढून डाळ मिल बघून या, फिटरला बरोबर न्या. तुमची अडचण धंद्याचं नाव काढून सांगता आली पाहिजे, म्हणजे "शेवेचा चुरा" असं न म्हणता "जड मालातून हलका बारीक माल वेगळा करायचा आहे" असं. असं म्हटलं की डाळ मिल, पिठाची गिरणी, लाकडाचा कारखाना, सगळीकडे तुमच्या कामाचं काहीतरी दिसायला लागतं.

कधी कधी एवढं करूनही अडतं. ग्रॅहॅम वॉलस यांनी १९२६ मध्ये विचाराचे टप्पे मांडले: तयारी, मग प्रश्न मनात मुरू देणं, मग अचानक सुचणं, मग पडताळा. फिरायला गेल्यावर सुचतं ते खरं आहे, पण तयारी झालेल्यालाच. लीक झालेलं एकही सील उकलून न बघता राजवाड्याला चक्कर मारली तर पाय मोकळे होतील, एवढंच.

आता जन्मजात आणि कोर्सचं. माणसामाणसांत फरक असतो, काहींना झटकन दहा गोष्टी सुचतात. पण कारखान्यात मला उपयोगी पडलेली माणसं बहुधा वेगळी होती. त्यांना आपलं काम खोलवर माहीत होतं आणि "हे असंच का?" असं विचारायला ती लाजत नव्हती. पीथमपूरला एका ठिकाणी यंत्राचे छोटे भाग दोन प्रक्रियांच्या मध्ये गंजत होते. चर्चा सगळी गंजरोधक तेलावर चालली होती. भाग मोजणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "पण हे रात्रभर इथे पडून का असतात?" वेळापत्रक बदललं, भागांचं पडून राहणं संपलं, तेलाचा विषय मागे पडला. त्या बाईंनी कुठलाही कोर्स केला नव्हता. तुम्हाला पैसे घालायचेच असतील तर कल्पकतेच्या प्रमाणपत्रावर घालू नका. फिल्म आणि हीट सीलिंगचं नीट प्रशिक्षण घ्या. ज्याला फिल्मचा आतला थर किती तापमानाला वितळतो हे माहीत आहे, त्याला अटी लवकर दिसतात. सवय म्हणून एवढंच करा: शिफ्टमध्ये जी एक गोष्ट अडली, ती शिफ्ट संपताना वहीत तीन वेगळ्या प्रश्नांच्या रूपात लिहा. सुरुवातीला तिन्ही वाक्यं सारखीच निघतात. हळूहळू तिसरं वाक्य दुसऱ्याच खात्याचं दार उघडायला लागतं.

क्रम चुकवू नका: आधी खुणा केलेले पाउच, मग मालाप्रमाणे नोंद, मग प्रश्नाची वाक्यं, मग ज्याच्या त्याच्याकडे जाऊन विचारणं. प्रयोग एका मशीनवर, एकाच मालावर, एका वेळी एकच बदल करून घ्या. शक्यतो ऑपरेटर आणि फिल्मचा रोलही तोच ठेवा. आधी आणि नंतर प्रत्येकी शंभर पाउच पाण्यात बुडवून लीक मोजा, आणि रात्रपाळीतही मोजा, कारण तेव्हा हवा आणि माणसं दोन्ही बदलतात. एखादी कल्पना चालली नाही तर ज्याने सुचवली त्याचं नाव त्यात ओढू नका, नाहीतर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतील.

पुढचं लिहाल तेव्हा बुडबुडे सीलच्या कोणत्या जागी निघाले, बारीक आणि जाड शेवेत फरक किती पडला आणि माल हॉपरपासून जबड्यांपर्यंत साधारण किती उंचीवरून पडतो, एवढं कळवा. त्यावरून मला नेमकं काही सांगता येईल. आणि मालकांकडे चाळणीची गोष्ट काढण्याआधी रोज किती किलो चुरा निघतो ते तोलून ठेवा. पहिला प्रश्न ते तोच विचारतील, कारण तो चुरा आज पाउचमध्ये मालाच्या भावाने विकला जातो आहे.